मान, मानधन आणि प्राप्तिकर

विद्वानाकडून कर घेऊ नये, हा विचार प्राप्तिकरापेक्षा फार जुना आहे. कौटिल्याने ऋत्विज, आचार्य, पुरोहित आणि वेदपारंगत श्रोत्रिय यांना करमुक्त, दंडमुक्त जमिनी द्याव्यात असे सांगितले. मनुस्मृतीने तर राजा कितीही अडचणीत असला तरी श्रोत्रियाकडून कर घ्यायचा नाही, असा दंडक घातला. तिकडे रोमन सम्राट व्हेस्पेशियनने व्याकरण आणि वक्तृत्व शिकवणाऱ्यांना नगराच्या सक्तीच्या जबाबदाऱ्यांतून मोकळे केले. पुढे अँटोनायनस पायसला या सवलतीला आकडा लावावा लागला. लहान शहरात तीन व्याकरणकार आणि तीन वक्ते, सर्वांत मोठ्या शहरात पाच आणि पाच. त्यापलीकडच्यांनी इतरांप्रमाणे भार उचलायचा. सवलत मिळते म्हटल्यावर विद्वानांची संख्या वाढते, हे त्या काळीही लक्षात आले होते. या जुन्या व्यवस्थांत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बहुतेक विद्वानांना खजिन्यातून नियमित पगार मिळत नव्हता. करमाफी किंवा इनाम हाच त्यांचा पगार होता. आज विद्यापीठातल्या आणि अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो आणि तो करातूनच येतो. तरीही प्राध्यापक आणि संशोधक यांना प्राप्तिकरातून पूर्ण किंवा अंशतः सूट द्यावी, ही मागणी भारतात आणि भारताबाहेर अधूनमधून पुढे येते. तिच्या बाजूचे मुद्दे पोकळ नाहीत. पण मागणी ज्या रूपात केली जाते त्या रूपात ती चुकीची आहे, आणि तिच्यात जे खरे आहे ते पगारावरच्या सवलतीतून साध्य होत नाही, असे माझे मत आहे.

पुण्याच्या इतिहासात या प्रश्नाची एक चांगली पूर्वपीठिका सापडते. पेशवाईत दरवर्षी श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई आणि दूरदूरचे शास्त्री-पंडित ती घ्यायला येत. पेशवाई गेल्यावर ब्रिटिश अधिकारी एलफिन्स्टनने ही प्रथा एका फटक्यात बंद केली नाही. त्या निधीचा एक भाग वळवून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजची परंपरा तिथूनच सुरू होते. १८४९ मध्ये लोकहितवादींसह काही तरुणांनी अर्ज केला, की या निधीतला पैसा मराठीतल्या उपयुक्त ग्रंथांसाठी खर्च व्हावा. जुन्या मंडळींना तो धर्मावरचा घाला वाटला. पण पुढे दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. विद्वान आहे म्हणून माणसाला पैसा द्यायचा, की विद्येचे काम होते म्हणून कामाला, हा त्या वादाचा गाभा होता. प्राप्तिकराच्या सवलतीचा वादही याच गाभ्याशी येऊन थांबतो.

आधी कायदा विद्येला काय देत आला आहे ते पाहू. १९६१ चा प्राप्तिकर कायदा विद्येबाबत अगदीच कोरडा नव्हता. कलम १०(१६) प्रमाणे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त. कलम १०(१४) आणि त्याखालच्या नियमाप्रमाणे शैक्षणिक व संशोधन कार्यासाठी मिळालेला भत्ता, जेवढा खरोखर त्या कामावर खर्च झाला तेवढा करमुक्त. ग्रंथलेखनाच्या स्वामित्वधनावर ८०क्यूक्यूबी खाली आणि पेटंटच्या स्वामित्वधनावर ८०आरआरबी खाली प्रत्येकी तीन लाखांपर्यंत वजावट. परदेशी विद्यापीठात शिकवून परकीय चलन आणणाऱ्या प्राध्यापकांसाठी ८०आर हे कलम होते. त्याची वजावट टप्प्याटप्प्याने कमी होत २००५-०६ च्या करनिर्धारण वर्षापासून संपली. भारत-अमेरिका करारात तर आणखी एक रंजक कलम आहे. एका देशातून दुसऱ्या देशात शिकवायला गेलेल्या प्राध्यापकाचे तिथले उत्पन्न दोन वर्षांपर्यंत तिथे करमुक्त. मात्र संशोधन सार्वजनिक हिताचे हवे, एखाद्या खासगी व्यक्तीच्या फायद्याचे नको. नीट पाहिले तर या यादीतल्या एकाही तरतुदीने विद्यापीठातल्या नेहमीच्या पगाराला हात लावलेला नाही. शिष्यवृत्ती, खर्च, ग्रंथ, पेटंट, तात्पुरता परदेश मुक्काम यांना सवलत आहे; प्राध्यापक असणे याला नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी हे तत्त्व जाणूनबुजून पाळले की ते आपोआप घडले, कोण जाणे. पण ते योग्य आहे.

आता पगारावर सूट दिली तर ती कोणाच्या पदरात पडेल, हे आकड्यांनी तपासू. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आणि प्राध्यापकाचे १,४४,२००. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वगैरे धरून मोठ्या शहरात नव्याने लागलेल्या सहायक प्राध्यापकाचा वार्षिक पगार ढोबळमानाने १४ लाखांच्या आणि प्राध्यापकाचा ३३ लाखांच्या आसपास धरू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता पहिल्याला उपकरासह सुमारे ८२ हजार रुपये कर बसतो आणि दुसऱ्याला सुमारे ५ लाख ६९ हजार. पूर्ण करमाफी दिली तर नवख्याला महिन्याला सात हजारांहून थोडे कमी आणि ज्येष्ठाला सत्तेचाळीस हजारांहून जास्त मिळतील. आता तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार अशी मर्यादा सांगितली. ती पूर्ण मिळाली, आणि तीही बारा महिने मिळाली असे गृहीत धरले, तरी वर्षाला सहा लाख होतात. १२ लाखांपर्यंत कर लागतच नाही. म्हणजे ज्याच्या हलाखीची आठवण करून देत ही मागणी केली जाते, त्याच्या हातात एक रुपयाही पडणार नाही. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आहे. वर्षाला ४ लाख ४४ हजार. ती घेणाऱ्यालाही शून्य. पगारावरची करमाफी ही चढत्या भाजणीची दक्षिणा आहे. ज्याला जास्त मिळते त्याला ती जास्त देते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की प्राध्यापक समाजाला जे देतो ते त्याच्या पगारात मोजले जात नाही. ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे, एका शोधनिबंधाचा लाभ जगाला होतो, आणि खासगी क्षेत्रातला मोबदला नाकारून माणूस विद्यापीठात येतो, तेव्हा सरकारने त्याची काही भरपाई करावी. यातला पहिला भाग बरोबर आहे. अर्थशास्त्राची पुस्तके याला बाह्य लाभ म्हणतात आणि संशोधनाला सार्वजनिक पैसा का द्यावा याचे ते सर्वांत भक्कम कारण आहे. पण तो लाभ कामातून येतो. करमाफी मात्र नियुक्तीपत्रातून मिळेल. ज्याने दहा वर्षांत एकही नवी गोष्ट शोधली नाही त्यालाही मिळेल, आणि जो सतत काम करतो त्याला त्या कामासाठी वेगळे काहीच मिळणार नाही. शिवाय समाजाला न मोजता येणारा लाभ देणारे फक्त विद्यापीठातच नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका, जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी, महापालिकेचा सफाई कामगार, प्रयोगशाळेतला तो सहायक ज्याच्याशिवाय प्रयोग उभाच राहत नाही, या सगळ्यांच्या कामाचा बाह्य लाभ मोजायला बसलो तर करदाता शिल्लक राहणार नाही. मग शेतकऱ्याला माफी कशी, असा प्रश्न इथे हमखास येतो. शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार संविधानाने राज्यांना दिला आहे. केंद्राच्या प्राप्तिकरातून ते वगळले जाते त्यामागे सन्मानापेक्षा ही घटनात्मक विभागणी अधिक आहे. तीही सवलत बड्या बागायतदाराला जास्त लाभते आणि तिच्यावर टीका होते, ती रास्तच आहे. एका सवलतीतला दोष हे दुसरीचे समर्थन होऊ शकत नाही.

आणखी एक गाऱ्हाणे नोकरदारांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. व्यापारी सुटतो, डॉक्टर रोखीत घेतो, आणि आमचा कर मात्र पगार हातात येण्याआधीच टीडीएसमधून कापला जातो. खरे आहे. पण हे गाऱ्हाणे बँकेतल्या कारकुनाचेही आहे आणि एसटीच्या वाहकाचेही. त्याचा उपाय चुकवणाऱ्याकडून वसुली हा आहे. प्राध्यापकांपुरते दार उघडले तर उरलेल्या नोकरदारांवरचा अन्याय वाढतोच. पगार अपुरा असेल तर पगार वाढवून मागावा. पगारवाढ अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसते, तिच्यावर विधिमंडळात चर्चा होते. करसवलत हा असा खर्च आहे, जो एकदा कायद्यात शिरला की दरवर्षी मंजूर करून घ्यावा लागत नाही. केंद्र सरकार अर्थसंकल्पासोबत सवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचे विवरण देते. ते किती जण उघडून बघतात, हा प्रश्न वेगळा.

अशी सवलत प्रत्यक्ष देऊन पाहिलेला देश आपल्या शेजारी आहे. पाकिस्तानात मान्यताप्राप्त, नफा न कमावणाऱ्या शैक्षणिक व संशोधन संस्थांतल्या पूर्णवेळ शिक्षक-संशोधकांना देय करात तब्बल ७५ टक्के सूट होती. २०१३ मध्ये ती ४० टक्क्यांवर आली, २०१९ मध्ये २५ टक्क्यांवर, आणि २०२२ च्या अर्थ कायद्याने ती काढून टाकली. प्राध्यापक संघटनांनी आंदोलने केली. शेवटी २०२५ मध्ये ती २०२३ ते २०२५ या तीन करवर्षांपुरती मागील प्रभावाने परत आणली गेली. खासगी वैद्यकीय व्यवसायातून उत्पन्न मिळवणारे वैद्यकीय अध्यापक मात्र वगळले गेले. या प्रवासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सवलत ही पगारासारखी हक्काची नसते. सरकार अडचणीत आले की तिच्यावर पहिली कात्री चालते, आणि घराचे हप्ते त्या भरवशावर बेतलेल्या माणसाचा हिशेब एका रात्रीत कोलमडतो. दुसरी गोष्ट वैद्यकीय अध्यापकांच्या अपवादात दडलेली आहे. सकाळी महाविद्यालयात शिकवणारा आणि संध्याकाळी दवाखाना चालवणारा माणूस शिक्षक की व्यावसायिक? अशी सवलत दिली की हे ठरवण्याचे काम करअधिकाऱ्याच्या टेबलावर जाते.

व्याख्येचा हा गुंता क्षुल्लक नाही. पोलंडमध्ये सर्जनशील कामाच्या उत्पन्नातून ५० टक्के रक्कम खर्च म्हणून वजा करता येते, आणि २०१८ च्या उच्च शिक्षण कायद्याने अध्यापक-संशोधकाचे काम सर्जनशील मानले. पण व्याख्यान सर्जनशील असेल तर परीक्षेवरची देखरेखही सर्जनशील आहे का, विभागाच्या बैठकीचे काय? प्राध्यापकाच्या पगाराचा किती टक्के भाग सर्जनशील धरायचा हे ठरवत तिथली विद्यापीठे बसली. आपल्याकडे हा हिशेब कसा होईल याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. २०१० नंतर बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक किती जोमाने आले ते सर्वांनी पाहिले. त्यांना आवरण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाला मान्य नियतकालिकांची यादी करावी लागली आणि २०२५ मध्ये ती यादीही गुंडाळावी लागली. बढतीसाठी जर एवढे, तर संशोधक ठरल्यावर कर माफ होतो म्हटल्यावर काय होईल? विनाअनुदानित महाविद्यालयांत कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांतले अंतर ही उघड गोष्ट आहे. तिथे सवलतीचा लाभ शिक्षकाला मिळण्याआधी व्यवस्थापनाच्या पगार ठरवण्याच्या गणितात जिरून जाईल.

प्रतिभा परदेशी जाते, हा मुद्दा मात्र थोडा वेगळा आहे आणि त्याला अनेक देशांनी करातून उत्तर दिले आहे. डेन्मार्क बाहेरून आलेल्या संशोधकांना सात वर्षे २७ टक्के, आणि श्रमबाजार अंशदान धरून ३२.८४ टक्के, असा सपाट दर देतो. तिथल्या नेहमीच्या चढ्या दरांपुढे हे बरेच कमी आहे. इटलीत २०१० पासून परदेशातून परतणाऱ्या प्राध्यापक-संशोधकाचे ९० टक्के उत्पन्न काही वर्षांसाठी करातून वगळले जाते. या योजनांत निदान मुदत आहे आणि हेतू स्पष्ट आहे. पण त्यांच्यावरही इटलीतच आक्षेप घेतला जातो, की देशात राहून काम करणारा पूर्ण कर भरतो आणि शेजारच्या टेबलावरचा परतलेला सहकारी जवळजवळ काहीच नाही. भारतात तर हे औषध भलत्याच रोगावर जाईल. आपल्याकडचे दर डेन्मार्कसारखे नाहीत. परत येऊ पाहणारा तरुण संशोधक विचारतो ते असे, की नेमणूक कधी होईल, प्रयोगशाळेला जागा मिळेल का, मंजूर झालेले अनुदान मार्चअखेरीच्या आत येईल का. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास आहे आणि इस्रायल सहाच्या घरात. ही दरी प्राध्यापकांच्या विवरणपत्रातून भरून निघणारी नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे, आणि या सगळ्या चर्चेतला तोच खरा मुद्दा आहे. संशोधन करणारा शिक्षक आपल्या पगारातून कामावर खर्च करतो. पुस्तके विकत घेतो, परिषदेचे शुल्क भरतो, अभिलेखागारात किंवा गावोगाव क्षेत्रकामाला जातो, संगणक आणि सॉफ्टवेअर घेतो, मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकाला छपाईचे पैसे देतो. हाच खर्च एखाद्या सल्लागाराने केला असता तर तो धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा झाला असता. पगारदाराला ती सोय नाही; सर्वांना सारखी प्रमाणित वजावट, मग तो वर्षाला दोन लाखांची पुस्तके घेवो की एकही न घेवो. जर्मनीत नोकरदारालाही नोकरीसाठी झालेला खर्च, व्यावसायिक पुस्तकांसह, पुरावा देऊन वजा करता येतो. ब्रिटनमध्ये नियम फार कडक आहेत, पण मान्य विद्वत्सभांची वर्गणी वजा होते. आपण मात्र उलट्या दिशेने चाललो आहोत. नवी करप्रणाली आपोआप लागू होणारा पर्याय झाली आणि तिच्यात संशोधन भत्त्याची सूट नाही, ८०क्यूक्यूबी नाही, ८०आरआरबीही नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, पण ही उणीव क्रमांकांची नाही. सोपी करप्रणाली हवी म्हणून वजावटी काढल्या, हे समजू शकते. पण उत्पन्न मिळवण्यासाठी झालेला खर्च वजा करणे याला सवलत म्हणणेच चूक आहे. ते निव्वळ उत्पन्न मोजण्याचे साधे अंकगणित आहे. ८०क्यूक्यूबी ची तीन लाखांची मर्यादा तर २००३ च्या अर्थ कायद्याने आली तेव्हापासून तिथेच आहे. मराठीत शास्त्रीय ग्रंथ लिहून तेवढे स्वामित्वधन कमावणारा लेखक शोधावाच लागेल, हा भाग सोडा.

विद्येवर खरा बोजा टाकणारे कर वेगळ्याच खात्यात आहेत, आणि त्यांच्याविषयी प्राप्तिकराच्या मानाने फार कमी बोलले जाते. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के होता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत काढली आणि बहुतेक उपकरणांवर १८ टक्के लागू झाला. अनुदान तेवढेच राहिले, म्हणजे प्रत्येक प्रकल्पातून उपकरणांचा एक हिस्सा खजिन्यात परत गेला. २०२४ मध्ये दिल्लीच्या आयआयटीला संशोधन अनुदानांवरच्या करापोटी सुमारे १२० कोटींची नोटीस आल्याची बातमी आली, तेव्हा कुठे गहजब झाला आणि ९ सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने विद्यापीठे आणि संशोधन केंद्रांची अनुदाने करमुक्त करण्याची शिफारस केली. उपकरणांचा प्रश्न त्यातून सुटला नाही. बेल्जियमने निवडलेली वाट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे संशोधकाच्या पगारातून कर नेहमीसारखाच कापला जातो, संशोधक इतर नागरिकांइतकाच कर देतो. पण कापलेल्या रकमेचा मोठा हिस्सा, आता ८० टक्के, विद्यापीठाने सरकारकडे न भरता स्वतःकडे ठेवायचा. सवलत पगाराला चिकटलेली असूनही पैसा संस्थेकडे जातो आणि त्यातून आणखी संशोधक नेमता येतात. १८४९ मध्ये अर्ज करणाऱ्यांना ही युक्ती पटली असती.

अमेरिकेचे उदाहरणही विसरून चालणार नाही, कारण तिथे प्राध्यापकांपेक्षा विद्यार्थी-संशोधकांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९८६ च्या करसुधारणेनंतर शिष्यवृत्तीतला राहण्या-खाण्याचा भाग करपात्र झाला. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या विधेयकात पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी शुल्कमाफीही उत्पन्न धरायचा प्रस्ताव होता. कधीच हातात न येणाऱ्या पैशावर कर, असा तो प्रकार होता. देशभर विरोध झाला आणि अंतिम कायद्यातून तो गळला. आपल्याकडे शिष्यवृत्ती करमुक्त आहे, पण पीएचडीनंतरचे संशोधन करणाऱ्याला मिळणारी रक्कम शिष्यवृत्ती की पगार, याची स्पष्ट ओळ कायद्यात नाही. ती घालायला एक वाक्य पुरे. आणि करमुक्त असून उपयोग काय, जर रक्कमच वेळेवर येत नसेल? बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी महाराष्ट्रातल्या संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली, ती कर कमी करण्यासाठी नव्हती.

तेव्हा प्राध्यापक संघटनांनी मागण्यांच्या पत्रातली प्राप्तिकर माफीची ओळ काढून टाकावी. तिच्या जागी चार ओळी लिहाव्यात. संशोधनावर पुराव्यासह केलेला खर्च नव्या करप्रणालीतही वजा व्हावा. पीएचडीनंतरच्या अधिछात्रवृत्तीची करस्थिती कायद्यात स्पष्ट व्हावी. वैज्ञानिक उपकरणांवरचा कर पुन्हा ५ टक्के व्हावा. आणि तासिका तत्त्वावर चालणाऱ्या रिक्त पदांवर पूर्णवेळ नेमणुका व्हाव्यात, म्हणजे त्या सहकाऱ्यांनाही एकदा प्राप्तिकर भरण्याइतका पगार मिळेल.